झोपेचा हिशेब

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आली आहे. कष्टाने भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो आणि नीज आली म्हणजे उशाला दगडही चालतो, असा तिचा अर्थ. म्हण खरी आहे; परंतु तिच्यात एक अट दडलेली आहे, ती आपण विसरतो. धोंड्यावर झोप लागते ती नीज आली असेल तर. नीजच आली नाही, किंवा ती आली त्या घटकेला निजावयाची सोयच नसली, तर धोंडा काय आणि कापसाची गादी काय, दोन्ही सारखीच. पूर्वीपेक्षा आपल्या गाद्या मऊ झाल्या, डोक्यावर पंखे आले. तरी ‘रात्री झोप म्हणून लागत नाही’ ही तक्रार घरोघर ऐकू येते.

या विषयावर बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा एका मित्राने थट्टा केली की, व्याख्यानाने झोप आणणारे वक्ते पुष्कळ पाहिले, झोपेवर व्याख्यान देणारा आज पाहिला. थट्टा असो. आम्ही वैद्य नाही आणि कोणत्या विद्यापीठाचे पदवीधरही नाही. कामगार संघटनेचे काम करताना पाळ्यांचे तक्ते, अपघातांचे कागद आणि चौकशांची टिपणे चाळता चाळता आम्ही या विषयापाशी येऊन पोहोचलो. जे कळले नाही ते ग्रंथालयात बसून वाचले आणि डॉक्टरमंडळींना विचारून घेतले. त्यांपैकी जे पक्के ठरले आहे तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

न विचारलेला प्रश्न

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातील आमच्या एका सभासदावर ‘कामावर असताना झोपल्याचा’ आरोप ठेवण्यात आला. पहाटे चारच्या सुमारास तो यंत्राशेजारी खोक्यावर डोके टेकून झोपलेला सापडला होता. चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून आम्ही बसलो होतो. आम्ही नेहमीच्या वाटेने गेलो : पहिलीच चूक आहे, बारा वर्षांची नोकरी स्वच्छ आहे, घरी लग्नाची मुलगी आहे. चार दिवसांच्या बिनपगारी निलंबनावर प्रकरण मिटले. नोकरी वाचली म्हणून आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, रात्रपाळी सुटून मोटारसायकलवरून घरी जाताना, सकाळच्या स्वच्छ उजेडात, हा गृहस्थ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर जाऊन आदळला. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. जीव वाचला, उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पत्नीला विचारले, “हे घोरतात का हो? आणि घोरता घोरता आवाज बंद पडून मग एकदम दचकल्यासारखा श्वास घेतात का?” ती बिचारी म्हणाली, “डॉक्टरीणबाई, सगळी आळी हसते यांच्या घोरण्याला.” आम्हीही हसलो होतो. खात्यात त्याचे नावच ‘इंजिन’ पडले होते. चौकशीत आम्ही त्याच्या नोकरीचे, घराचे, कर्जाचे सगळे विचारले. तू झोपतोस किती, आणि झोपूनही असा थकलेला का, हा प्रश्न तेवढा विचारला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते पुढे देत आहोत.

उधारीची वही आणि शरीरातला भोंगा

झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. पहिली गोष्ट उधारीच्या वहीसारखी आहे. आपण जागे होतो त्या क्षणापासून जागरणाची उधारी चढू लागते. मेंदू काम करतो तसा त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि दिवसअखेर डोळे जड होतात. झोप घेतली म्हणजे उधारी फिटते. चहा-कॉफीतील कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते. त्यामुळे तगादा मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पण उधारी फिटलेली नसते, केवळ सावकार दाराबाहेर ताटकळत उभा असतो. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे चार-सहा तासांनंतरही अंगात असते, हे संध्याकाळी सहाला ‘कडक’ घेणारांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या भोंग्यासारखी. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. ते शरीराचे घड्याळ होय. शरीराची ऊब कधी वाढावयाची, कधी उतरावयाची, अंधार पडल्यावर मेलाटोनिन हा रस कधी सोडावयाचा, हे सारे त्याच्या हुकमाने चालते. गंमत अशी की, बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून काही मिनिटे मागे पडणारे असते. भिंतीवरचे घड्याळ रोज लावून घ्यावे तसे ते रोज लावून घ्यावे लागते, आणि लावणारा हात म्हणजे उजेड, विशेषतः सकाळचा.

हे घड्याळ किती हट्टी आहे, हे पाहण्यासाठी शिकागोचे शास्त्रज्ञ नथॅनिएल क्लाइटमन १९३८ साली आपल्या एका तरुण सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ऊन नाही, वारा नाही, कोंबडा नाही. त्यांनी आपला दिवस २८ तासांचा ठरवून पाहिला. तरुण सहकाऱ्याला ते बऱ्यापैकी साधले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचे शरीर मात्र जुन्याच चोवीस तासांच्या चालीवर अडून राहिले. पुढे या घड्याळाची यंत्रणा पेशींत कशी चालते हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडले आणि त्या कामाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उधारीची वही आणि हे घड्याळ मिळून झोप ठरवितात, ही मांडणी झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली.

आता आमच्या सभासदाकडे पाहा. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराची ऊब सर्वांत कमी असते आणि गुंगी सर्वांत अधिक. तो नेमका चारला सापडला. सकाळी घरी जाऊन आडवा झाला, तर वहीत उधारी डोंगराएवढी, पण भोंगा म्हणतो, दिवस उजाडला, ऊठ. म्हणून दिवसाची झोप चार-पाच तासांत मोडते. हा आळस नव्हे. हा शरीराचा नियम आहे.

रात्रीची झोपदेखील एकसारखी नसते. १९५३ साली शिकागोतच असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले की, झोपेत काही काळ डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि त्या वेळी माणसाला स्वप्ने पडत असतात. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे सुमारे दीड-दीड तासाचे फेरे रात्रभर चालतात. एखादा फेरा संपताना क्षणभर जाग येणे हा आजार नाही; “बाप रे, दोन वाजले, आता झोप गेली” असे म्हणून घड्याळ पाहत बसणे हे मात्र आजाराला निमंत्रण होय. मोठ्या माणसाला सामान्यतः सात तास झोप लागते. कोणाला थोडी अधिक, कोणाला थोडी कमी; पण ‘मला चार तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणारे बहुतेक जण दुपारच्या सभेत पेंगताना दिसतात.

झोप पाहून अंथरूण घालावे

सवयींविषयी पहिली गोष्ट ही की, निजावयाची वेळ आपल्या हाती नाही, उठावयाची आहे. झोप हुकमाने येत नाही. उठणे हुकमाने जमते. म्हणून उठण्याची वेळ पक्की ठरवावी आणि रविवारीही ती मोडू नये. उठल्यावर अर्धा तास उजेडात काढावा : अंगणात, गॅलरीत, दूध आणावयास चालत जाण्यात. सकाळी घड्याळ नीट लागले, तर रात्री ते वेळेवर टोल देते.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. अंथरुणावर बसून जेवणे, हिशेब करणे, मोबाइलवर जगाचे भांडण पाहणे, यांमुळे अंथरूण म्हणजे जागे राहण्याची जागा असे मेंदू शिकतो. १९७२ साली रिचर्ड बूटझिन यांनी यावर एक साधा उपाय सांगितला : झोप आली तरच अंथरुणावर जावे, अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठावे, मंद दिव्यात काही निरस काम करावे, आणि पेंग आली की परतावे. रात्री चार वेळा उठावे लागले तरी चार वेळा उठावे. कोणी म्हणेल, एका खोलीत सहा माणसे, तेथे उठून जावयाचे कोठे? प्रश्न रास्त आहे. अशा वेळी अंथरुणाची घडी बाजूला सारून भिंतीला टेकून बसावे. पडून तळमळणे थांबले म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. झोप येत नाही म्हणून माणूस अधिक वेळ पडून राहतो आणि तेथेच फसतो. साडेनऊला आडवे होऊन सहाला उठणारा, पण एकूण झोप साडेपाच तास, असा गृहस्थ घ्या. त्याची साडेपाच तासांची झोप साडेआठ तासांच्या अंथरुणावर पातळ पसरली आहे, आणि म्हणून तिला ठिकठिकाणी भोके पडली आहेत. त्याने काही दिवस बारालाच निजावे आणि सहाला उठावे. उधारी साठते, झोप दाटते. मग दर आठवड्याला निजण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडली. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. येथे झोप पाहून अंथरूण घालावयाचे आहे. मात्र वाहन चालविणारे, धोक्याच्या यंत्रावर काम करणारे आणि फेफरे किंवा मनाचा मोठा विकार असलेले यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. साडेपाच तासांच्या खाली तर कोणीच जाऊ नये.

हा प्रयोग आम्ही स्वतः केला आहे. आमचा एक लढा हरला, कारखाना बंद पडला आणि तीनशे घरांचे काय होणार या विचारात आम्ही आठ महिने छताकडे पाहत काढले. पहिला आठवडा फार जड गेला. दुपारी तीनला डोके टेबलावर पडे. दुसऱ्या आठवड्यात एके रात्री आडवे झालो ते एकदम सकाळचे नळाचे पाणी वाजले तेव्हाच जागे झालो. काळजी होती तेथेच होती. पण ती दिवसा करण्याचे बळ आले. काळजीसाठीही एक युक्ती सांगतो. संध्याकाळी, जेवणापूर्वी, वहीत दोन रकाने आखावेत : काय खटकते आहे, आणि उद्या त्याचे काय करावयाचे. रात्री तोच विचार आला की म्हणावे, हे टिपले आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दुपारनंतर चहा आवरावा. निजताना तंबाखूची चिमूट किंवा मिश्री नको. तंबाखू मेंदूला जागे करते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि घोरणे वाढते. रात्री दिवे मंद करावेत. मोबाइलचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, आणि त्यातला मजकूर मनाला त्याहून अधिक जागे ठेवतो. झोप लागताना शरीर थंड होत असते, म्हणून वैशाखात गच्ची किंवा वाऱ्याची जागा बरी. वामकुक्षी वीस मिनिटांची आणि तीनच्या आत असावी; रात्री झोप न येणाराने तीही सोडावी.

झोपेच्या गोळ्या दुकानातून आपण होऊन आणू नयेत. त्यांची सवय लागते आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना पडण्याचे भय असते. जे त्या रोज घेत आले आहेत त्यांनी एकाएकी बंदही करू नयेत; डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्यात. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली असा सल्ला दिला की, दीर्घकाळच्या निद्रानाशावर वर सांगितल्यासारखी सवयींची व विचारांची उपचारपद्धती प्रथम वापरावी, गोळीचा विचार मागून.

सवयीच्या पलीकडचे

येथवर जे सांगितले ते ज्याची रात्र त्याच्या मालकीची आहे, त्याच्यासाठी. परंतु आपल्या गावात रात्री रुग्णालयात परिचारिका जागते, रखवालदार जागतो, एस. टी. चा चालक जागतो, आणि परदेशाच्या घड्याळाप्रमाणे काम करणारी आपली मुले जागतात. त्यांना ‘लवकर निजे लवकर उठे’ हे सांगण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. तोपर्यंत अंधार पडला की साचे थांबत. दिवे लागताच कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला आणि कामगारांनी त्याविरुद्ध संप केले. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली होती; तो रविवार मिळाला १८९० साली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने सर्व प्रौढ कामगारांचा दिवस नऊ तासांवर व आठवडा ४८ तासांवर आणला. हे सगळे लढे एका अर्थी झोपेचेच होते.

आमची चूक येथेच सांगितली पाहिजे. मागणीपत्रात आम्ही दर खेपेला रात्रपाळीचा भत्ता वाढवून मागितला. झोपेचा भाव केला. झोप मागितली नाही. पाळ्या कोणत्या क्रमाने फिराव्यात हे तर कधी पाहिलेच नाही. त्या कारखान्यात रात्रपाळीनंतर दुपारची आणि दुपारनंतर सकाळची, अशी उलटी फेरी चाले. शरीराचे घड्याळ मागे पडणारे असते, म्हणून उशिरा निजणे त्याला सोपे आणि लवकर निजणे अवघड. सकाळ, मग दुपार, मग रात्र ही सुलटी फेरी त्याला मानवते. अमेरिकेत युटा राज्यातील एका खनिज-कारखान्यात उलटी फेरी बदलून सुलटी केली आणि फेरपालट आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी ठेवला, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले आणि उत्पादनही वाढले. हा अहवाल १९८२ साली छापून आला. म्हणजे ज्यात दोघांचाही लाभ होता, ते मागावयाचे आम्हीच राहून गेलो. प्रश्न किरकोळ नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गोष्टींत केली आहे.

फेरी बदलेपर्यंत रात्रपाळीवाल्याने काय करावे? कामावर जाण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्यावे. चहा रात्रीच्या पूर्वार्धातच घ्यावा. घरी खिडकीला जाड काळा पडदा लावावा, फोन बंद ठेवावा. आणि सुटल्यावर डोळे मिटू लागले असतील तर वाहनावर बसू नये. फाटकापाशी वीस मिनिटे डुलकी घ्यावी किंवा बसने जावे. पेंगणाऱ्या माणसाला आपण पेंगत आहोत हे कळतेच असे नाही.

घरच्यांचेही काम आहे. रात्रपाळी करून आलेला पुरुष निजला म्हणजे घरात मुलांना ‘हळू बोला, बाबा निजलेत’ असे सांगितले जाते, हे चांगलेच. पण रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली परिचारिका घरी येते ती सरळ ओट्याशी. डबे, नळाचे पाणी, सासूबाईंचे औषध, मुलांची शाळा. आणि अकराला पाठ टेकली की दारावर बेल. तिच्यासाठी ‘आई निजली आहे’ असे म्हणणारे घर आम्ही फार थोडे पाहिले. तिच्या झोपेचा हिशेब कारखान्याने नव्हे, आपण द्यावयाचा आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

काही वेळा सवयही निर्दोष असते, पाळीही बरी असते, तरी माणूस सकाळी थकून उठतो. आमच्या सभासदाचे हेच झाले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट त्याने पुरती मिटते. दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून अर्धवट जागा होतो. हे तासाला अनेक वेळा, रात्रभर चालते आणि सकाळी त्यातले काही आठवत नाही. त्याची आठ तासांची झोप ही झोपच नव्हती. जोरात घोरणे आणि मध्ये श्वास अडकणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा बसल्या जागी पेंग, रक्तदाब वाढलेला : ही लक्षणे दिसली तर हसू नये, तपासणी करावी. जाड माणसांत हे अधिक आढळते, पण बारीक माणसांतही असते. वजन उतरविणे, कुशीवर निजणे, दारू सोडणे यांनी फरक पडतो. आणि १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी दाखविलेले, मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र आता आपल्याकडेही मिळते.

संध्याकाळी पायांत मुंग्या चालल्यासारखे वाटून पाय हलविल्यावाचून राहवत नसेल, तर रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. पहाटे जाग येऊन मनात केवळ निराशाच भरून राहत असेल आणि असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर तो झोपेचा नव्हे, मनाचा आजार असू शकतो. त्यालाही औषध आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप बिघडली असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसू नये.

आमचे ते सभासद आज ते यंत्र लावून निजतात. पाय अधूच राहिला, तो काही परत यावयाचा नाही. पण यंत्र लावल्यावर काही दिवसांनी ते कार्यालयात आले आणि म्हणाले, “साहेब, सकाळ अशी असते हे मी विसरलो होतो.” त्या दिवसापासून आमच्या संघटनेच्या चौकशीच्या कागदावर पहिला प्रश्न असा असतो : गेल्या आठवड्यात तुम्हाला रोज किती तास झोप मिळाली? आजच्या श्रोत्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे. घरी गेल्यावर हा प्रश्न आपल्या घरातल्या प्रत्येकाला विचारावा. आणि जो सर्वांत शेवटी निजतो व सर्वांच्या आधी उठतो, त्याला अगोदर विचारावा.